शिवेवर अडलेली गाडी

वीज कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाने हे कबूल करू नये, पण मी पहिल्यापासून भित्रा. तारेला तर मी भितोच, आणि त्यात गैर काही नाही. तारेला न भिणारी माणसे आमच्या धंद्यात फार दिवस टिकत नाहीत. पण मला परके गाव, अनोळखी कुत्री, कठडा नसलेल्या विहिरी आणि सरकारी शिक्के यांचीही भीती वाटते. चिपळूणला आई म्हणायची, "याला वाघ कशाला हवा? वाघाचं चित्र पुरे." म्हणून साहेबांनी मला पुण्याहून निजामाच्या मुलखात पाठवायचे ठरवले, तेव्हा घरात सगळ्यांत आधी तिला हसू आले आणि मग लगेच रडू.

काम सांगायला सोपे होते. गुलबर्ग्याकडून कल्याणीपर्यंत विजेची ओळ न्यायची होती. खांब पुढे कधीतरी येणार, तारा त्याच्याही पुढे. पण आधी कोणीतरी पायी जाऊन, दुर्बिणीतून पाहून, साखळीने मोजून, जिथे खांब उभा राहायचा तिथे लाकडी खुंटी ठोकून तिला तांबडे फडके बांधायला हवे होते. आणि खुंट्या ज्या गावच्या शिवारात बसतील, त्या गावच्या पाटलाचा आणि पंचांचा अंगठा 'रझामंदी'च्या, म्हणजे संमतीच्या, कागदावर घ्यायला हवा होता. कागद उर्दूत. मला उर्दू येत नव्हते, अंगठा देणाऱ्यांना वाचता येत नव्हते. तेवढ्यापुरती आमची बरोबरी होती. गावाला न विचारता रोवलेला खांब गाव उपटून टाकते, असे आमच्या साहेबांचे ठाम मत होते, आणि ते पुण्यात बसून हे मत बाळगत.

कमलापूर

गुलबर्ग्याहून कमलापूरला आलो तेव्हा वैशाख तापला होता. इथली लाल सालीची केळी प्रसिद्ध आहेत. मी कोकणातला, केळ्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. पण ते केळे खाल्ल्यावर मी गप्प बसलो.

इथे मला शरणप्पा मिळाला. माझ्याच वयाचा, उंच, मिशी राखलेला. स्वतःची बैलजोडी आणि गाडी होती. गाडी हाकायची आणि साखळीचे दुसरे टोक धरायचे, अशी दोन्ही कामे त्याने पत्करली. घरात तो कानडी बोले, माझ्याशी मराठी, आणि नाक्यावरच्या शिपायाशी दखनी. तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत दोन वर्षे काढल्याने त्याला मराठी वाचताही येत होते. शेंगांच्या पुड्याचा कागदसुद्धा तो वाचून झाल्याशिवाय फेकत नसे.

निघायच्या दिवशी त्याच्या घरी जेवलो. वाळवलेली कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि 'पुंडी पल्ल्या' म्हणून अंबाडीची आंबट भाजी. आमच्याकडे भाकरी कडक झाली तर सासू सुनेला बोलते. इथे ती मुद्दाम कडक करून पाहुण्याला वाढतात. नीलम्मा, शरणप्पाची बायको, दारामागून वाढत होती. जेवण झाल्यावर ती पुढे आली.

"सायब, ह्यांना पाण्याचं भान न्हाई," ती म्हणाली. "तान लागली की कुठलंबी पाणी पितेत. वैशाखात गावोगावी आई फिरत असती. तुमी जरा बगा यांच्याकडं."

"आई म्हणजे?"

"मरगम्मा," ती हळूच म्हणाली. शरणप्पाने खुलासा केला, मरगम्मा म्हणजे मरीआई. पटकीची देवी.

"काळजी करू नका. मी आहे ना," मी म्हणालो. पोट भरलेले असले की माझ्या तोंडून अशी वाक्ये निघतात.

अलीकडचे गाव

कोहिनूरपर्यंतचे दिवस बरे गेले. काळी जमीन भेगाळून पडलेली, ज्वारीची धसकटे, मध्येच एखादा उघडा लाल माळ. त्या माळाला हात लावून पाहिला तर आमचाच जांभा दगड! परमुलखात सख्खी आतेबहीण भेटावी तसे झाले. खुंट्यांची ओळ सरळ जात होती, रझामंदीसाठी मात्र प्रत्येक गाव घासाघीस करी. माझ्या आंब्यावरून तार नको, माझ्या कडब्याच्या गंजीवरून नको, देवळावरून तर नकोच. "तारेतून सोडलेलं भूत रातच्याला खाली उतरलं तर?" असे एका आजोबांनी विचारले. मी त्यांना वीज समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मग म्हणाले, "व्हय, तेच म्या म्हणायलोय."

कोहिनूर आणि मंठाळ यांच्या दरम्यानच्या दोन गावांची नावे मी लिहिणार नाही. जे घडले ते त्या काळी त्या पट्ट्यात कुठल्याही गावी घडले असते. एकाला अलीकडचे म्हणतो, दुसऱ्याला पलीकडचे.

अलीकडच्या गावात शिरलो तेव्हा प्रत्येक दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले होते. आमच्याकडे तोरण बांधतात तसेच काहीसे असेल, असे मी मनात म्हटले. पारावर कोणी नव्हते. पोरे दिसत नव्हती. कुत्री होती, पण भुंकत नव्हती, आणि याचे मला बरेच वाटले. शरणप्पा मात्र मान वळवून वळवून घरे बघत होता. तीन घरांच्या चुली पेटलेल्या नाहीत, असे तो म्हणाला. मी म्हणालो, शेतावर गेली असतील.

रझामंदी तर अशी मिळाली की मी चकित झालो. एकाही म्हाताऱ्याने आंबा काढला नाही, भूत काढले नाही. एकामागून एक अंगठे पडले. फक्त एका पंचाने विचारले, "गाडी पलीकडच्या गावाला जायची नव्हं? मंगळवारी निघा. आमी हलगी लावून वाटं लावतो."

साहेबांना पत्र लिहिताना मी 'ग्रामस्थांचा अपूर्व उत्साह' असे शब्द वापरले.

दोन दिवस तिथे शिवारात मोजणी केली. ऊन असे की साखळीची कडी हाताला चटका देई. कंपनीने मला एक थर्मास दिलेला होता. मी त्यात सकाळी उकळून गार केलेले पाणी भरत असे आणि दिवसभर पुरवून पुरवून पीत असे. शरणप्पा गावच्या विहिरीत उतरून ओंजळीने पाणी प्यायचा. मी ते पाहिले. नीलम्माचे शब्द मला आठवलेही. पण नको म्हणायचे तर थर्मास पुढे करावा लागला असता, आणि त्यातले पाणी माझ्यापुरतेच होते. ही गोष्ट लिहायला मला आज जितका वेळ लागतो आहे, तितका तेव्हा विचार करायला लागला नव्हता.

मंगळवारी सकाळी बायका आल्या. त्यांनी गाडीच्या जुवाला हळदकुंकू लावले, चाकांवर पाणी ओतले, निंबाचे डहाळे खोवले. दुर्बिणीच्या पेटीलाही कुंकू लागले. तांबड्या फडक्यांच्या गठ्ठ्यावर एकीने हिरवा खण ठेवला, दुसरीने हिरव्या बांगड्या, दहीभात, लिंबे. शेवटी एक काळी कोंबडी पाय बांधून मागे ठेवली. हलगी घुमू लागली. आमच्याकडे शिमग्याला पालखी निघते तेव्हा अंगावर जसा काटा येतो तसा माझ्या अंगावर आला. विजेचा असा मान मी पुण्यातही पाहिला नव्हता. मी टोपी नीट केली.

शरणप्पा गाडीवर चढेना.

"सायब, हे उतरवू," तो माझ्या कानाशी म्हणाला. "ही तुमची पूजा न्हाई. आई लागलीय गावाला. तिला आपल्या गाडीत बसवायलेत. शिवेच्या भायेर घालवायलेत. म्या न्हाई हाकणार."

"शरणप्पा, शिकलेला माणूस तू. लोक प्रेमाने करतायत."

"प्रेमानं कोंबडी देतेत व्हय? कामून ऐकत न्हाई तुमी?"

मी आजूबाजूला पाहिले. बायकांच्या चेहऱ्यांवर आनंद नव्हता. त्या रडत होत्या, आणि एक म्हातारी हात जोडून गाडीला म्हणत होती, "जा माय, जा. पुढं जा." तेव्हा मला कळले. पण आता गाडी रिकामी करायला लावली तर ही माणसे आपले काय करतील, ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी ठरली. पुरुषांच्या हातांत काठ्या होत्या.

"हाक," मी म्हणालो. तो माझा हुकूम होता, आणि त्याने तो ऐकला.

शिवेवर

शीव म्हणजे एक मोठा शेंदूर फासलेला दगड, त्याच्याजवळ एक बाभूळ, आणि दोन्ही बाजूंना पडीक माळ. हलगीवाले दगडापर्यंत आले, गाडी पलीकडे गेल्याचे पाहिले, आणि मागे न बघता परत फिरले. मागे बघायचे नसते, असे शरणप्पाने सांगितले. हे सांगताना तो पोट धरून बसला होता.

शंभर पावलांवर पलीकडच्या गावची माणसे उभी होती. तीस-चाळीस असतील. काहींच्या हातांत गोफणी. पुढे त्यांचे पाटील, पांढरे धोतर, वाळका चेहरा, हात जोडलेले.

"सायब, तितंच ऱ्हावा! पुढं येऊ नका, पाया पडतो!"

"पाटील, आम्ही वीज कंपनीची माणसं आहोत," मी ओरडलो. "रझामंदीसाठी आलोय!"

"तुमी कुणाचीबी असा. गाडीत कोण बसलंय ते बगा."

"गाडीत कोणी नाही!"

"बसलीय," पाटील म्हणाले. "हलगी आमालाबी कळती. लग्नाचा ताल निराळा, तिला घालवायचा निराळा. आमच्या गावात लेकरंबाळं हायती, सायब. गाडी माघारी न्या."

मी गाडी वळवायला लावली. दगडाजवळ पोचतो तो अलीकडच्या गावची तीनचार माणसे बाभळीमागून पुढे आली. त्यांना राखणीला ठेवलेले होते. "शिवेपल्याड गेली ती गेली," त्यांतला एक म्हणाला. "परत आणलाव तर बैलं हितंच पाडू." हे तो दमदाटीने म्हणत नव्हता. त्याची मान खाली होती आणि हनुवटी थरथरत होती. माझ्यापेक्षा जास्त भ्यालेली माणसे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि भ्यालेल्या माणसाच्या हातात दगड असला की काय होते ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दिवस डोक्यावर आला होता. वर आभाळ पांढरे, खाली माळ, झाड एकच. मागे जाता येत नव्हते, पुढे जाता येत नव्हते. शरणप्पाला पहिली वांती झाली ती याच वेळी. मग जुलाब. पहिल्या घटकेत तो बाभळीमागे चालत गेला, दुसरीत रांगत, तिसरीत उठलाच नाही. त्याचे डोळे आत गेले. आवाज बसला. "पाणी," तो म्हणाला, आणि मी थर्मास उघडून त्याच्यापासून दोन हात लांब ठेवला आणि मागे सरलो. त्याने तो ओढून घेतला. माझ्या मनात काय आले ते सांगतो: आता हा थर्मास मला वापरता येणार नाही.

नंतर मी माझी पिशवी उचलली आणि कोहिनूरच्या दिशेने आडरानातून चालू लागलो. मदत आणायला चाललो आहे, असे स्वतःला सांगत होतो. वीसेक पावले गेलो असेन. एक धोंडा सूं करीत येऊन माझ्यापुढे पडला. कोणाची गोफण होती, कोण जाणे. मी परत आलो. माणुसकीने आलो असे कोणी समजू नये.

तेव्हा माळाच्या उतारावर मेंढरे असल्याचे लक्षात आले. एक धनगर कुटुंब तिथे उतरले होते. दोन्ही गावांच्या शेतकऱ्यांनी खतासाठी मेंढरे बसवायला बोलावलेले, म्हणून शिवेवरच बिऱ्हाड. त्यातली बाई सरळ आमच्याकडे चालत आली. चाळिशीची, काटक, हातात चांदीचे जाड कडे. नाव मायाक्का. तिने शरणप्पाकडे पाहिले, गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"कवाधरनं हाय?"

"दुपारपासून," मी म्हणालो. "अक्का, जवळ जाऊ नका. पटकी आहे."

"मला दिसायलंय की," ती म्हणाली, आणि जाऊन त्याचे डोके मांडीवर घेतले.

तिने मला कामाला लावले. तीन दगड, बाभळीच्या काटक्या, तिचे मडके. पाणी उकळायचे, त्यात मूठभर ज्वारीचे पीठ आणि मीठ घालायचे, पातळ पेज करायची. आमच्या घरी आजारपणात आई भाताची पेज मीठ घालून देते. इथे ज्वारीची, एवढाच फरक. मी पेज करायचो, मडके तिच्यापासून दोन हात लांब ठेवायचो आणि मागे यायचो. ती चमच्याने नव्हे, आपली करंगळी त्याच्या ओठांत घालून थेंबथेंब पाजायची. उलटून पडले की पुन्हा. कंटाळा नाही, चिडणे नाही. मेंढीच्या आजारी कोकरालाही ती असेच पाजत असेल.

उन्हे कलली तशी त्याच्या पायांत गोळे यायला लागले. पोटऱ्या दगडासारख्या होत आणि तो आरडत असे. आवाज नसलेल्या माणसाचे ओरडणे मी तोवर ऐकले नव्हते. मायाक्का पाय चोळायला वळली की डोके खाली पडे. डोके धरले की पाय आखडत.

"सायब, पाय धरा की जरा," ती म्हणाली. "म्या एकटी काय काय करू?"

"पाणी उकळतंय," मी म्हणालो.

"उकळू द्या. तुमी धरा. आपल्या माणसानं धरलं की माणूस जीव धरतंय. मला वळखत न्हाई त्यो. तुमाला वळखतोय."

मी पुढे झालो. दोन पावलांवर त्याचे पाय होते, घाण लागलेले, निळसर. मी वाकलो. माझे हात पुढे झाले आणि तिथेच थांबले. मला माझी आई दिसली, माझी दोन मुले दिसली, आणि खरे सांगायचे तर मी स्वतःच मला सगळ्यांत स्पष्ट दिसलो, असाच पडलेला. मी मागे वळून चुलीत काटक्या सारल्या. जळत असलेल्या विस्तवात.

मायाक्का एवढेच म्हणाली, "भ्या मलाबी वाटतंय, सायब. न्हाई असं न्हाई." आणि तिने त्याचे दोन्ही पाय आपल्या पोटाशी घेतले.

रात्रीविषयी मी लिहीत नाही. मी गाडीच्या पलीकडल्या बाजूला बसून होतो. पहाटेपर्यंत गोळे थांबले आणि शरणप्पाने स्वतः पाणी मागितले, एवढे पुरे.

उजाडल्यावर दोन्ही बाजूंची माणसे पुन्हा आपापल्या जागी येऊन उभी राहिली. मायाक्का उठली. तिने गाडीतला हिरवा खण, बांगड्या, लिंबे सगळे आपल्या ओटीत घेतले, काळी कोंबडी काखोटीला मारली, आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आईला म्या न्यायलेय! आमाला गाव न्हाई आन् शीवबी न्हाई. आमच्या मागनं फिरंल ती रानारानानं. आता त्या मानसाला वाट द्या!"

पलीकडच्या गावचे पाटील हळूच बाजूला झाले. त्यांच्या मागच्या गोफणी खाली आल्या. मी बैल जुंपू लागलो. जू बसवताना पाहिले, की मायाक्का शरणप्पाजवळ बसून त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मी मान फिरवली. ती सांगत असणार ते खरेच असणार, असे मला वाटले.

मग तिने नवऱ्याला हाक दिली आणि मेंढरे माळावरून उतरू लागली. तिला काही द्यावे हे माझ्या ध्यानात येईपर्यंत ती दिसेनाशी झाली होती.

पलीकडचे गाव

पाटलांनी शरणप्पाला गावाबाहेरच्या धर्मशाळेत ठेवून घेतले आणि त्यांच्या घरून रोज पेज आली. पाटील आठ दिवस माझ्याकडे बघताना ओशाळत होते. नवव्या दिवशी म्हणाले, "तुमी आमच्या जागी असतात तर काय केलं असतंत?" मी म्हणालो, "गोफण." ते हसले.

रझामंदी त्यांनी दिली, पण एक अट घातली. शिवेच्या दगडाजवळ खांब नको. अलीकडे नको, पलीकडे नको. "तुमची तार वरनं जाऊ द्या एका उडीत," ते म्हणाले. "खालची जागा कुणाचीच न्हाई. ती तशीच ऱ्हाऊ द्या." मी दोन खुंट्या उपटून मागे घेतल्या. नकाशात तिथे एवढी लांब उडी कशाला, असे साहेबांनी पुढे विचारले तेव्हा मी 'खडक ठिसूळ' असे लिहून कळवले. ते अगदीच खोटे नव्हते.

शरणप्पाला मंठाळच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीतून पुढे आणि तिथून घरी पाठवले. त्याची बैलगाडी मी दुसरा हाक्या घेऊन कल्याणीपर्यंत नेली. मायाक्काचा शोध प्रत्येक माळावर केला. धनगर भेटले, मेंढरे भेटली. ती भेटली नाही. तिला काही झाले तर नाही ना, हे विचारायला मी घाबरत होतो, आणि न विचारता राहवतही नव्हते. संतपूरकडे कुठेतरी मेंढरे बसवली आहेत, धडधाकट आहे, असे शेवटी एकाने सांगितले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुन्हा कमलापूर

महिन्याने गाडी आणि बैल परत द्यायला कमलापूरला गेलो. खरे म्हणजे गाडी दुसऱ्याबरोबर पाठवावी, असे मनात होते. शरणप्पा तोंडावर काय बोलेल, या भीतीने मी वेशीवर दोनदा बैल थांबवले.

तो ओसरीवर बसला होता. मिशीच तेवढी पूर्वीची, बाकी अर्धा राहिलेला. मला पाहून उठला, धडपडला, पुन्हा उठला.

"नीले! सायब आले!" तो ओरडला. आवाज परत आला होता.

नीलम्मा तांब्याभर पाणी आणि धुतलेला पंचा घेऊन बाहेर आली. या खेपेला ती दारामागे थांबली नाही.

"मला काय सुधरत नव्हतं त्या रातीला," शरणप्पा तिला सांगू लागला. शंभरदा सांगून झाले असणार, पण माझ्यादेखत पुन्हा. "पण पाय कुणीतरी धरलेत एवढं कळायलं होतं. सोडंनाच. मला वाटलं, आपलं कुणीतरी हाय, आता मरायचं न्हाई. सकाळी त्या धनगराच्या अक्कानं सांगितलं, तुज्या सायबानं रातभर पाय धरलेत बग, सोडला न्हाई त्यानं तुला. सायब, बामनाचं लेकरू तुमी, आन् माजं पाय…"

खरे सांगावे म्हणून मी तोंड उघडले. तिने ते का सांगितले हे मला त्या क्षणी पुरते कळले. पेज तिने पाजली, आणि जे औषध माझ्याकडून मिळायला हवे होते तेही माझ्या नावाने तिनेच पाजले.

"हात द्या, सायब," नीलम्मा म्हणाली. ती खाली बसली होती. "त्या हातावर पाणी घालू द्या मला."

मी हात पुढे केले. तिने ते धुतले, पुसले, आणि आपल्या डोळ्यांना लावले.

आज हे सारे लिहून काढले आहे. छापून आले की एक प्रत कमलापूरला धाडायची, असे ठरवले आहे. शरणप्पाला मराठी वाचता येते, आणि हाती आलेला कागद तो शेवटपर्यंत वाचतो. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे. माझे हात त्या माळावर थांबले तसेच आताही पाकिटापाशी थांबले आहेत, पण या खेपेला ते मागे घ्यायचे नाहीत.